प्रश्नापासून नकाशापर्यंत : मानवी भूगोलाच्या संकल्पना वापरून नकाशा कसा तयार करावा

नकाशा काढायला बसलेला माणूस सहसा आधी कागद, रंग किंवा संगणकावरची प्रणाली शोधतो आणि नकाशात नेमके काय दाखवायचे याचा विचार नंतर करतो. अशा नकाशावर पुष्कळ माहिती असते, पण तो काही सांगत नाही. मानवी भूगोल म्हणजे माणसे कोठे राहतात, तेथेच का राहतात, कशावर जगतात आणि गाव सोडून कोठे जातात यांचा अभ्यास. त्यामुळे या विषयातला नकाशा एखाद्या नेमक्या प्रश्नातून जन्माला यायला हवा. पुढील विवेचनात एकच प्रश्न आपण टप्प्याटप्प्याने सोडवू : महाराष्ट्राच्या दोन टोकांना असलेल्या सिंधुदुर्ग आणि गडचिरोली या जिल्ह्यांत लोकवस्ती विरळ का आहे? त्यानंतर हीच पद्धत आपल्या गावापुरती, पायी फिरून आणि कागद-पेन्सिलीने कशी वापरायची, ते पाहू.

पहिला टप्पा : प्रश्न लिहून काढणे

प्रश्न एका वाक्यात लिहावा आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : कोणता प्रदेश, कोणता काळ आणि कोणती बाब. ‘महाराष्ट्राची लोकसंख्या’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या कोणत्या जिल्ह्यांत दर चौरस किलोमीटरला सर्वांत कमी लोक राहतात आणि २००१ पासून तेथील लोकसंख्येत काय फरक पडला?’ हा प्रश्न झाला. प्रश्न असा बांधला की कोणती आकडेवारी हवी, कोणत्या सीमा हव्यात आणि एक नकाशा पुरेल की दोन लागतील, हे तेथेच ठरते. हे वाक्य कागदाच्या वरच्या बाजूस लिहून ठेवावे आणि पुढे प्रत्येक चिन्ह काढताना ते त्या वाक्याला उपयोगी आहे का, हे तपासावे.

दुसरा टप्पा : कामाच्या संकल्पना नीट समजून घेणे

गाव किंवा शहर जेथे वसते त्या जागेकडे दोन अंगांनी पाहावे लागते. एक म्हणजे प्रत्यक्ष जागा : जमीन उंच आहे की सखल, पाणी किती लांब आहे, पुराचा धोका आहे का, माती कशी आहे. दुसरे म्हणजे सापेक्ष स्थान, म्हणजे इतर ठिकाणांच्या संदर्भात ते गाव कोठे येते. घाटमाथ्यावरचे इगतपुरी हे गाव थळ घाटातून १८६५ मध्ये रेल्वे वर चढल्यावर वाढले. तेथील डोंगर, पाऊस आणि पाणी पूर्वीसारखेच राहिले होते. बदलले ते मुंबई आणि देश, म्हणजे घाटावरचा पठारी प्रदेश, यांच्या संदर्भातले स्थान. भुसावळ आणि मनमाड यांच्या वाढीतही रेल्वेच्या फाट्याचा वाटा मोठा आहे. म्हणून एखाद्या वस्तीचा नकाशा काढताना तिच्या आसपासचे रस्ते, घाट आणि बाजाराची गावे दाखवली नाहीत, तर ती तेथे का वाढली हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

वस्तीचा आकारही बोलका असतो. देशावर घरे बहुधा एकवटलेली असतात : गावठाणाची पांढरी, म्हणजे घरांची जमीन, एका जागी, भोवती काळी, म्हणजे शेतजमीन, कडेला गायरान आणि पलीकडे शिव. पूर्वी पाण्याची मोजकी ठिकाणे आणि संरक्षणाची गरज यांमुळे लोक एकत्र राहिले. विहिरी, विजेचे पंप आणि कालवे आल्यावर शेतातल्या वस्त्या वाढल्या. कोकणात एकच महसुली गाव अनेक वाड्यांत विखुरलेले असते, कारण सपाट जमीन तुकड्यातुकड्यांत मिळते. किनाऱ्यावर आणि खाडीच्या काठाने मात्र घरांची लांबच लांब रांग होते. नंदुरबार आणि मेळघाटाच्या डोंगराळ भागात गावाखालचे विखुरलेले पाडे आढळतात, तर मराठवाड्यात आणि विदर्भात बंजारा समाजाचे तांडे. एकवटलेली, विखुरलेली आणि रेषाकृती हे वस्तीचे तीन प्रकार शाळेत पाठ केले जातात. नकाशा काढणाऱ्याने मात्र त्यामागचे कारण शोधले पाहिजे, कारण गाव एका टिंबाने दाखवायचे की अनेक टिंबांनी, हा निर्णय त्यावरच अवलंबून असतो. कोकणातल्या बारा वाड्यांच्या गावासाठी एकच टिंब काढणे म्हणजे चुकीचा नकाशा काढणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घनता ही संकल्पना सोपी वाटते : लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागायचे. गडचिरोली जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या १०,७२,९४२ आणि क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. भागाकार आला ७४. सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,४९,६५१ आणि क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर. भागाकार आला १६३. राज्याची सरासरी ३६५ आहे. पण ही ढोबळ घनता सगळी जमीन सारखी मानते. गडचिरोलीचा बहुतांश भाग जंगलाखाली आहे, त्यामुळे तेथे लागवडीखालच्या जमिनीवर मोजलेली घनता ढोबळ घनतेच्या कितीतरी पट येईल. प्रश्न शेतीवरच्या भाराचा असेल तर भागाकारात लागवडीखालचे क्षेत्र घ्यावे. प्रश्न शाळा आणि दवाखाने किती अंतरावर असावेत याचा असेल तर ढोबळ घनता चालते.

नागरी आणि ग्रामीण हा भेदही गृहीत धरू नये. जनगणनेत नगरपालिका, महानगरपालिका, कटक मंडळ (कॅन्टोन्मेंट) वगैरे असलेली ठिकाणे नागरी धरली जातातच. त्याशिवाय किमान ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, या तिन्ही अटी पूर्ण करणारे गावही नागरी मोजले जाते, मग तेथे ग्रामपंचायत का असेना. २०११ मध्ये राज्याची ४५.२ टक्के लोकसंख्या नागरी होती, ती या व्याख्येनुसार.

तिसरा टप्पा : आकडेवारी गोळा करणे आणि तिची तारीख पाहणे

जिल्हा, तालुका आणि गाव पातळीवरची लोकसंख्या, साक्षरता, लिंग गुणोत्तर आणि कामाचे प्रकार यांसाठी जनगणनेचे तक्ते हाच पहिला आधार आहे. तक्ता उतरवून घेताना तीन बाबी जपाव्यात.

पहिली बाब सीमांची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि संख्या ३६ झाली. आजच्या सीमांचा नकाशा घेऊन त्यावर २०११ चा जिल्हानिहाय तक्ता बसवला, तर पालघर कोरा राहतो आणि मूळ ठाण्याचे १,१०,६०,१४८ लोक आजच्या लहान ठाण्यात कोंबले जातात. अशा वेळी दोनच प्रामाणिक मार्ग आहेत : २०११ च्या सीमा वापराव्यात, किंवा तालुक्यांचे आकडे घेऊन दोन्ही जिल्ह्यांची बेरीज स्वतः करावी.

दुसरी बाब नावांची. तक्त्यात औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर ही नावे सापडतील, तर नव्या सीमांच्या फाइलीत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर. संगणकावर तक्ता आणि सीमा जोडताना नावावर विसंबू नये. जनगणनेने दिलेला सांकेतिक क्रमांक वापरावा. महाराष्ट्राचा राज्य क्रमांक २७ आहे आणि प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला आणि गावाला स्वतंत्र क्रमांक आहे. हे क्रमांक मजकूर म्हणून साठवावेत, म्हणजे सुरुवातीची शून्ये गळत नाहीत.

तिसरी बाब मोजणीच्या दिवसांची, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. २०११ ची लोकसंख्या मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. फेब्रुवारी म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात असलेला महिना. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेली जोडपी त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, असतात आणि दिवाळीनंतर ओस पडलेली गावे उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा भरतात. त्यामुळे बीडच्या एखाद्या गावाची घनता, घरांची संख्या किंवा शाळेतल्या मुलांची संख्या नकाशावर मांडताना हंगाम कोणता, हे सूचीखाली, म्हणजे रंग आणि चिन्हे यांचा अर्थ सांगणाऱ्या चौकटीखाली, लिहिणे आवश्यक आहे. तक्त्यातला आकडा त्या वीस दिवसांपुरता खरा असतो. वर्षभर खरा असेलच असे नाही.

चौथा टप्पा : प्रमाण आणि आधार नकाशा

१:५०,००० या अंकप्रमाणाचा अर्थ कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. तेथे १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर होतात, म्हणून १० मीटर रुंदीचा रस्ता खरेतर ०.२ मिलिमीटरचा व्हायला हवा. तो डोळ्यांना दिसावा म्हणून जाड काढतात आणि त्याच्या कडेची घरे थोडी सरकवतात. नकाशातली ही तडजोड प्रमाणानुसार ठरते : गावाच्या नकाशासाठी १:२,००० ते १:५,०००, तालुक्यासाठी १:५०,००० ते १:२,५०,००० आणि राज्यासाठी त्याहून लहान प्रमाण सोयीचे पडते. नकाशावर शब्दप्रमाण (‘१ सेंटिमीटरला ५०० मीटर’ असे शब्दांत) आणि अंकप्रमाण लिहिले तरी रेषाप्रमाण, म्हणजे जमिनीवरची अंतरे लिहिलेली मोजपट्टीसारखी रेषा, काढायला विसरू नये. नकाशाची झेरॉक्स लहान-मोठी केली किंवा तो मोबाइलवर पाहिला, की अंकप्रमाण खोटे ठरते. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच लहान-मोठे होते आणि खरे राहते.

आधार नकाशासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे हा उत्तम पाया आहे. १७६७ मध्ये सुरू झालेल्या या विभागाचे मुख्य कार्यालय देहरादूनला आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासपासून सुरू केलेल्या त्रिकोणीय सर्वेक्षणाच्या साखळीवर देशाच्या नकाशांची चौकट उभी राहिली. काम करता करता १८२३ मध्ये लॅम्बटन यांचा मृत्यू वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे झाला आणि त्यांची कबर तेथेच आहे. त्या सर्वेक्षणाने किती कष्टांनी अंतरे मोजली हे ज्याला ठाऊक आहे, तो नकाशातली रेषा सैल हाताने ओढणार नाही.

या नकाशांचे जुने क्रमांक वाचायला शिकणे अवघड नाही. पश्चिम महाराष्ट्राचा बराच भाग ४७ क्रमांकाच्या, ४ अंश लांब आणि ४ अंश रुंद चौकोनात येतो. त्याचे एक-एक अंशाचे सोळा भाग इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात, वायव्य कोपऱ्यापासून खाली उतरत आणि मग पुढच्या स्तंभात. प्रत्येक भागाचे पुन्हा १५ मिनिटांचे सोळा तुकडे होतात आणि त्यांना १ ते १६ क्रमांक मिळतात. पुणे शहर ‘४७ एफ’ मधील १४ व्या तुकड्यात येते. या नकाशावर तपकिरी समोच्च रेषा, निळे पाणी, हिरवे जंगल, पिवळी लागवडीची जमीन आणि लाल वस्त्या-रस्ते असतात. समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, त्या दर २० मीटर उंचीला एक अशा काढलेल्या असतात. त्या जवळजवळ आल्या तर चढ तीव्र आणि विरळ झाल्या तर जमीन सपाट. सिंधुदुर्गाच्या नकाशावर पूर्वेकडे या रेषांची दाटी पाहिली, की तेथे वस्ती का थांबते याचे निम्मे उत्तर मिळते.

गावपातळीवर मात्र महसूल खात्याचा गाव नकाशा लागतो. त्यात गट नंबर, शिव, ओढे, गायरान आणि पाणंद रस्ते असतात. सातबाऱ्यावरचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठ्यात बोलणाऱ्यांशी चर्चा करताना ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर, हे लक्षात ठेवावे. गावठाणाच्या आतली घरे या नकाशात सहसा नसतात. ती उणीव भरून काढण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करण्यात आली. आपल्या गावाची मोजणी झाली असेल तर ती आधी मागावी.

संगणकावर काम करणाऱ्यांनी क्यूजीआयएस ही मोफत प्रणाली वापरावी. तिच्यात मराठी लेबले देवनागरीत व्यवस्थित उमटतात. येथे एकच सूचना सविस्तर देतो. मोबाइलवरून मिळणारे अक्षांश-रेखांश अंशांत असतात आणि अंशांत अंतर मोजता येत नाही, कारण पुण्याच्या अक्षांशावर अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, तर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५.५ किलोमीटरचा भरतो. म्हणून अंतर किंवा क्षेत्रफळ काढण्यापूर्वी नकाशा मीटरच्या प्रक्षेपणात न्यावा. प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याची पद्धत. यूटीएम या पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या पद्धतीत ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या पश्चिमेकडील महाराष्ट्र ४३ व्या पट्ट्यात आणि पूर्वेकडील भाग ४४ व्या पट्ट्यात येतो. प्रणालीत प्रत्येक प्रक्षेपणाला ईपीएसजी हा ओळख क्रमांक असतो. पुणे, रत्नागिरी किंवा बीडसाठी ईपीएसजी ३२६४३ आणि नागपूर, चंद्रपूर किंवा गडचिरोलीसाठी ईपीएसजी ३२६४४ हा क्रमांक निवडावा. सगळ्या राज्याच्या घनतेची तुलना करायची असेल तर क्षेत्रफळ कायम राखणारे प्रक्षेपण घ्यावे.

पाचवा टप्पा : क्षेत्रघनी नकाशा, आणि वर्ग पाडण्याचे काम

घनतेसाठी क्षेत्रघनी पद्धत योग्य : प्रत्येक जिल्ह्याला त्याच्या मूल्यानुसार एकाच रंगाची फिकट किंवा गडद छटा. या पद्धतीत नुसती लोकसंख्या कधीही रंगवू नये. नुसती लोकसंख्या रंगवली तर ४५,४३,१५९ लोकसंख्येचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा अहमदनगर जिल्हा ३०,८५,४११ लोकसंख्येच्या मुंबई शहरापेक्षा गडद दिसेल. प्रत्यक्षात पहिल्याची घनता २६६ आहे आणि दुसऱ्याची १९,६५२.

आता वर्ग पाडण्याकडे वळू, कारण नकाशा फसतो तो बहुधा येथेच. सर्वांत कमी घनता गडचिरोलीची ७४ आणि सर्वांत जास्त मुंबई उपनगराची २०,९८०. समान अंतराचे पाच वर्ग पाडले तर प्रत्येक वर्ग सुमारे ४,१८१ चा होतो. पहिल्याच वर्गात ७४ पासून ४,२५५ पर्यंतचे सर्व, म्हणजे ३५ पैकी ३३ जिल्हे जातात, मधले तीन वर्ग रिकामे राहतात आणि शेवटच्यात मुंबईचे दोन जिल्हे उरतात. गणित बिनचूक, पण नकाशा निरुपयोगी. उलट प्रत्येक वर्गात सात-सात जिल्हे टाकले तर ३९३ घनतेचा नाशिक आणि २०,९८० घनतेचे मुंबई उपनगर एकाच छटेत येतात. हेही मान्य होण्यासारखे नाही.

आकडे चढत्या क्रमाने कागदावर लिहून त्यांत नैसर्गिक खंड कोठे पडतात ते पाहावे. त्यावरून मी असे वर्ग सुचवेन : २०० पेक्षा कमी, २०० ते ३००, ३०० ते ६००, ६०० ते २,००० आणि २,००० हून अधिक. पहिल्या वर्गात चार जिल्हे येतात, दुसऱ्यात १७, तिसऱ्यात १०, चौथ्यात पुणे आणि ठाणे, पाचव्यात मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. वर्गांची रुंदी असमान आहे, म्हणून ती सूचीत ठळकपणे लिहावी. पाचापेक्षा जास्त छटा घेऊ नयेत. डोळा त्यांत फरक करू शकत नाही.

सहावा टप्पा : एकाच रंगाची वेगळी कारणे शोधणे

नकाशा तयार झाला की सर्वांत फिकट छटेचे चार जिल्हे दिसतात : पूर्वेला गडचिरोली आणि चंद्रपूर, दक्षिण कोकणात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. येथे थांबून ‘डोंगर आणि जंगल यांमुळे वस्ती विरळ’ असे एक वाक्य लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळून दुसरा नकाशा काढावा, २००१ ते २०११ या दशकातल्या लोकसंख्या बदलाचा. गडचिरोलीची लोकसंख्या ९,७०,२९४ वरून १०,७२,९४२ झाली, म्हणजे १०.६ टक्के वाढ. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली, म्हणजे २.२ टक्के घट, रत्नागिरीत ४.८ टक्के घट. पहिल्या नकाशावर एकाच छटेचे असलेले जिल्हे दुसऱ्यावर दोन विरुद्ध रंगांत जातात. या नकाशासाठी शून्य हा मध्य धरून वाढीला एक रंग आणि घटीला दुसरा रंग द्यावा. एकाच रंगाच्या छटा दिल्या तर घट आणि मंद वाढ यांतला भेद पुसला जातो.

तिसरा पुरावा लिंग गुणोत्तराचा. २०११ मध्ये राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, गडचिरोलीत ९८२, सिंधुदुर्गात १,०३६ आणि रत्नागिरीत १,१२२. हजारापेक्षा जास्त गुणोत्तर असलेले राज्यात हे दोनच जिल्हे. मुंबई शहरात तेच गुणोत्तर ८३२ आणि उपनगरात ८६० होते. हे चार आकडे शेजारी ठेवले की कोकणातून मुंबईला चाकरीसाठी गेलेल्या पुरुषांची, म्हणजे चाकरमान्यांची दीडशे वर्षांहून जुनी वाट नकाशावर उमटते. गडचिरोलीत जमीन जंगलाने व्यापली म्हणून वस्ती विरळ आहे. दक्षिण कोकणात डोंगर आहेतच, पण माणसे वर्षानुवर्षे बाहेर गेली हे कारण त्याहून मोठे आहे.

याच बदलाच्या नकाशावर मुंबई शहरातही ७.६ टक्के घट दिसते आणि ती कोकणाच्याच रंगात येते. तेथले कारण तिसरेच आहे : गिरण्या बंद पडल्या, जागांच्या किमती वाढल्या, राहत्या जागांच्या जागी कचेऱ्या आल्या आणि लोक उपनगरांत व ठाण्याकडे सरकले. त्याच दशकात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. म्हणून नकाशाखाली स्पष्टीकरण लिहिताना रंगाचे नव्हे, जिल्ह्याचे कारण लिहावे.

जिल्ह्याच्या सरासरीत आणखी एक गोष्ट दडते. पुण्याची ६०३ ही घनता दाट वस्तीच्या पिंपरी-चिंचवडचीही नव्हे आणि डोंगराळ वेल्ह्याचीही नव्हे. शक्य असेल तेव्हा तालुका पातळीवर उतरावे. चित्र बऱ्याचदा पार बदलते.

प्रत्यक्ष संख्या दाखवायची असेल तर टिंब पद्धत किंवा प्रमाणबद्ध वर्तुळे घ्यावीत. १०,००० लोकांना एक टिंब या हिशेबाने रत्नागिरी जिल्ह्याला सुमारे १६२ टिंबे मिळतील, पण ती जिल्हाभर सारखी शिंपडू नयेत : सह्याद्रीचा कडा मोकळा ठेवून खाड्या, नद्यांची खोरी, किनारा आणि महामार्गालगतच्या बाजारपेठा येथे ती जास्त यावीत. वर्तुळे काढताना लोकसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात त्रिज्या घ्यावी. पुण्याची लोकसंख्या सिंधुदुर्गाच्या सुमारे ११ पट आहे. सिंधुदुर्गाला ३ मिलिमीटर त्रिज्या दिली तर पुण्याला १० मिलिमीटर, ३३ नव्हे.

सातवा टप्पा : आपल्या गावाचा नकाशा, पायी फिरून

आता कागद, पेन्सिल, साधे होकायंत्र आणि एक टेप एवढ्याच साहित्यात करायचे काम. आधी टेपने १०० मीटर मोजून त्या अंतरावर आपल्या नेहमीच्या चालीने तीन-चार वेळा चालावे आणि पावलांची सरासरी काढावी. समजा १४० पावले भरली. म्हणजे एक पाऊल सुमारे ०.७१ मीटरचे. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आत असल्याने या कामापुरता तो सोडून द्यावा.

१:२,००० हे प्रमाण घ्यावे, म्हणजे १ मिलिमीटरला २ मीटर. सुरुवात पक्क्या ठिकाणाहून करावी, उदाहरणार्थ ग्रामपंचायतीच्या दारातून. तेथून पुढचे दिसणारे ठिकाण, समजा देवळासमोरचा पार, होकायंत्राने पाहून त्याचा कोन लिहावा, पावले मोजत तेथवर जावे आणि अंतर लिहावे. वाटेत डाव्या-उजव्या बाजूची विहीर, गल्लीचे तोंड, दुकान, हौद यांची अंतरे पावलांच्या आकड्यासह वहीच्या त्या-त्या बाजूस टिपावीत. पारापासून वेशीपर्यंत, वेशीपासून शाळेपर्यंत, असे करत पुन्हा ग्रामपंचायतीशी यावे.

ही रेषा कोनमापकाने कागदावर काढली की शेवटचे टोक सुरुवातीच्या टोकाला तंतोतंत मिळत नाही. समजा एकूण फेरी १,२०० मीटरची आहे आणि १२ मिलिमीटरची, म्हणजे २४ मीटरची फट राहिली. पायी मापनात एवढी चूक स्वीकारता येते. ती शेवटच्या टप्प्यात ढकलून देऊ नये, सर्व टप्प्यांवर वाटावी : ३०० मीटरवरचे ठिकाण फट ज्या दिशेने मिटते त्या दिशेला ३ मिलिमीटर सरकवावे, ६०० मीटरवरचे ६ मिलिमीटर, ९०० मीटरवरचे ९ आणि शेवटचे पूर्ण १२. मग टिपलेल्या बाकीच्या खुणा भराव्यात. मोबाइलवर अक्षांश-रेखांश घेणार असाल तर दशांशानंतर पाच आकडे लिहावेत. पाचवा आकडा साधारण एका मीटरचा असतो. मोबाइलची चूक मात्र उघड्यावरही काही मीटरची असते आणि अरुंद बोळात, झाडाखाली ती वाढते.

जमिनीची मापे झाली, आता माणसांची माहिती. ती एकाच घोळक्यातून घेऊ नये. पारावर बसलेले पुरुष शेतरस्ते, गट आणि बांधांचे वाद नेमके सांगतील. पाणी कोणत्या महिन्यात कोठून आणावे लागते, संध्याकाळनंतर कोणत्या वाटेने जाता येत नाही, रेशनच्या दुकानापर्यंत म्हातारी माणसे कशी पोहोचतात, हे बायकांना विचारावे लागते. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांना वाड्या-वस्त्यांची घरे सर्वांत जास्त ठाऊक असतात. मेंढपाळ कोणत्या महिन्यात कोठे बसतात, ऊसतोडीला कोणती घरे जातात, हेही विचारून महिन्यांसह लिहावे.

वस्त्यांच्या नावांबाबत विशेष काळजी घ्यावी. गावाच्या कडेला, वेशीबाहेर किंवा ओढ्यापलीकडे कोणाला राहावे लागले, हा मानवी भूगोलाचाच भाग आहे आणि नकाशात ती जागा झाकू नये. पण जातिवाचक नावे पुढे चालवू नयेत. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये अशी नावे बदलून समता नगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतिनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. तेथील लोकांना आज कोणते नाव हवे आहे ते त्यांनाच विचारून लिहावे. आजार, कर्ज किंवा रेशनकार्डाचा प्रकार घरनिहाय कधीही दाखवू नये. वाडीची एकत्र संख्या पुरते.

आठवा टप्पा : मांडणी आणि तपासणी

शीर्षकात प्रदेश, विषय आणि वर्ष असावे. सूची, रेषाप्रमाण, उत्तर दिशा, आकडेवारीचा स्रोत आणि नकाशा काढल्याची तारीख या गोष्टी एका बाजूस, एकत्र. पाण्याला निळा आणि जंगलाला हिरवा हे रूढ संकेत मोडू नयेत. नद्यांची नावे प्रवाहाच्या वळणाने, गावांची आडवी, आणि एकाच दर्जाच्या ठिकाणांना एकाच आकाराची अक्षरे द्यावीत. देशाची बाह्य सीमा दाखवायची असेल तर ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच असली पाहिजे. ही कायदेशीर अट आहे.

एक प्रत काळ्या-पांढऱ्या रंगात छापून पाहावी, कारण शाळेत आणि कार्यालयात नकाशा झेरॉक्स होऊनच फिरतो. दोन छटा सारख्या दिसल्या तर त्या बदलाव्यात किंवा रेघांचा भराव वापरावा. त्यानंतर नकाशा अशा माणसाच्या हाती द्यावा, ज्याने तो काढताना पाहिलेला नाही, आणि पहिल्या टप्प्यात लिहिलेला प्रश्न त्याला विचारावा. उत्तर नकाशावरून देता आले नाही तर सूची आणि वर्ग पुन्हा तपासावेत. गावाच्या नकाशासाठी हीच तपासणी ग्रामसभेत करावी : भिंतीवर प्रत लावून पेन्सिल शेजारी ठेवावी आणि लोकांनी केलेल्या दुरुस्त्या जागेवर जाऊन पाहिल्यावरच पक्क्या कराव्यात. पक्की प्रत ग्रामपंचायतीत आणि शाळेत द्यावी, मोजणीची वही जपून ठेवावी, आणि नवा रस्ता, नवी वस्ती किंवा आटलेली विहीर यांची नोंद तारखेसह त्याच वहीत पुढे करत राहावी.